पेशींचा शेजारधर्म

बोट कापले की रक्त थांबते, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत तिच्याखाली नवी त्वचा येते. जखम भरली असे म्हणून आपण ती विसरून जातो. या रोजच्या घटनेतला नवलाचा भाग मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जखमेच्या कडांवरच्या पेशी पुढे सरकतात, एकीच्या दोन होतात, हे समजण्यासारखे आहे. त्यांच्यासमोर जागा रिकामी झालेली असते. पण दोन्ही कडांच्या पेशी मधोमध भेटल्या की त्या थांबतात. एकीवर दुसरी चढत नाही, ढीग होत नाही. ‘आता पुरे’ हे त्यांना कोण सांगते? मेंदूला तर याचा पत्ताही नसतो. शेजारणीचा स्पर्श झाला, मुख्यतः एवढ्यावर पेशी आपले काम आवरते घेते.

कर्करोगाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात हे थांबणे जवळजवळ नसतेच. ‘पेशी बेसुमार वाढतात’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत सगळीकडे सापडते. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की पेशींना कुठून तरी जास्तीचा जोर मिळाला. मग तो जोर मोडण्यासाठी कोणी साखर सोडतो, कोणी गोमूत्र घेतो, कोणी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ महागडी पावडर आणतो. वाक्य चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. कित्येक गाठींमध्ये वेग वाढण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ब्रेक निकामी होणे महत्त्वाचे असते. हा फरक केवळ प्रयोगशाळेतल्या लोकांनी चघळण्याचा नाही. कोणाची तपासणी करायची, कोणत्या वयात करायची आणि कशापासून लांब राहायचे, हे त्याच्यावर ठरते. तिथे आपली आरोग्यव्यवस्था कमी पडते आहे.

स्पर्शाने थांबणाऱ्या पेशींचा अभ्यास सत्तर वर्षांहून जुना आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हेसमन यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातले दोन तुकडे काचेवर शेजारी ठेवले. दोन्हीकडून पेशी बाहेर पडून चालू लागल्या. समोरच्या पेशीला टेकताच चालणाऱ्या पेशीची पुढची कड आखडत असे आणि ती दिशा बदलत असे. दोघांनी मोजमापे करून ही गोष्ट मांडली आणि तिला ‘कॉन्टॅक्ट इनहिबिशन’ म्हटले. मराठीत स्पर्शरोध म्हणता येईल. पुढे त्यांनी उंदराच्या सार्कोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींसमोर ठेवल्या, तेव्हा त्या न थांबता पुढे जात राहिल्या.

ते संशोधन पेशींच्या चालण्याचे होते. वाढीचे काय, याचे उत्तर १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या पेशींवर दाखवले. त्यांची ‘थ्री-टी-थ्री’ नावाची पेशीमालिका आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. या पेशी बशीच्या तळावर एकाच पेशीच्या जाडीचा थर करतात आणि बशी भरली की वाढायचे थांबतात. थरावर सुईने रेघ ओढली तर रेघेच्या कडेच्या पेशी पुन्हा जाग्या होतात, फट बुजवतात आणि परत शांत होतात. बोटाच्या जखमेचा हा काचेवरचा नमुनाच म्हणायचा. त्याच पेशींना गाठ उत्पन्न करणाऱ्या विषाणूची लागण केली की त्या एकमेकींवर चढून ढीग घालतात. फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आता प्रश्न असा की पेशीला शेजारीण आहे हे कळते कसे. पेशीला डोळे नाहीत. पण तिच्या आवरणातून बाहेर डोकावणारी प्रथिने आहेत. त्यातली कॅडहेरिन नावाची प्रथिने पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतात. त्यांची बाहेरची टोके शेजारणीच्या तशाच टोकांत गुंफली जातात. या गुंफणीला कॅल्शियम लागते. द्रावणातले कॅल्शियम काढून घेतले की पेशी सुट्या होतात. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी आयुष्याचा मोठा काळ या प्रथिनांवर घालवला. कॅडहेरिनचे आतले टोक पेशीच्या सांगाड्याला, म्हणजे आतल्या बारीक धाग्यांच्या जाळ्याला जोडलेले असते. त्यामुळे बाहेरून कोणी टेकले की आतली दोरी ताणली जाते. पण ताणलेल्या दोरीवरून ‘आता विभाजन थांबवा’ हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जायचा कसा? मधे निरोप्या हवा.

तो निरोप्या प्रयोगशाळेतल्या बशीत सापडला नाही, बहिऱ्या होत जाणाऱ्या कुटुंबांत सापडला. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप टू, थोडक्यात एनएफ-टू, हा एक आनुवंशिक आजार आहे. साधारण पंचवीस ते तीस हजार जन्मांत एकाला तो असतो. यात दोन्ही कानांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांवर गाठी येतात. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि त्वचेखाली मऊ गाठी असणारा एनएफ-वन हा आजार वेगळा. नावांच्या सारखेपणामुळे दोघांची इतकी गल्लत होत असे की २०२२ मध्ये तज्ज्ञांनी टाइप टूचे नावच बदलून एनएफ-टू-संबंधित श्वानोमॅटोसिस केले. नसांना आवरण घालणाऱ्या श्वान पेशींपासून या गाठी होतात, म्हणून ते नाव. पेशीसिद्धांताचे एक जनक थिओडोर श्वान यांच्यावरून त्या पेशींना नाव मिळाले, कुत्र्याशी त्याचा काही संबंध नाही.

१९९३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे या आजाराचे जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर शोधून काढले. ते ज्या प्रथिनाचा आराखडा देते त्याची ठेवण मोएसिन, एझ्रिन आणि रॅडिक्सिन या तीन प्रथिनांसारखी निघाली. ही तिन्ही प्रथिने पेशीचे आवरण आणि आतला सांगाडा यांना जोडतात. तिघांची आद्याक्षरे घेऊन एका गटाने नव्या प्रथिनाला ‘मर्लिन’ म्हटले. दुसऱ्या गटाने श्वानोमिन. लोकांना जादूगाराचे नाव आवडले. गाठी रोखणारी जी प्रथिने तोवर माहीत झाली होती, त्यांतली ठळक नावे पेशीच्या केंद्रकात बसून जनुकांवर पहारा करणाऱ्यांची होती. मर्लिन मात्र बसते आवरणाच्या आतल्या बाजूला, नेमके जिथे एक पेशी दुसरीला भेटते तिथे. गाठ रोखणारे प्रथिन उंबरठ्यावर का, हा प्रश्न तेव्हाच अनेकांना पडला.

पुढच्या वर्षांत उत्तर तुकड्यातुकड्याने मिळत गेले. मर्लिन काढून टाकलेल्या उंदराच्या पेशी बशी भरल्यावरही थांबत नाहीत, त्यांची एकमेकींशी असलेली जोडणीही कच्ची राहते. वाढीचा निरोप स्वीकारणारे रिसेप्टर पेशीच्या आवरणावर असतात. पेशी दाटीने बसल्या की मर्लिन त्यांना जागच्या जागी अडकवून ठेवते, त्यामुळे निरोप दारात येऊनही आत जात नाही. दाराला आतून कडी घालावी तसे.

मोठा उलगडा मात्र माशीने केला. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाएवढ्या ड्रोसोफिला माशीत काही जनुके बिघडली की तिचे डोळे, डोके, पंख प्रमाणाबाहेर वाढतात. संशोधकांनी या जनुकांना ‘वॉर्ट्स’, ‘साल्वाडोर’, ‘हिप्पो’ अशी नावे दिली. हिप्पो म्हणजे पाणघोडा. माशीचे डोके तसे थोराड दिसते म्हणून. ही सगळी एकाच साखळीची कडी निघाली आणि २००६ मध्ये माशीतले मर्लिन या साखळीच्या वरच्या टोकाशी असल्याचे दिसले. माणसातही हीच साखळी थोड्याफार फरकाने आहे. तिच्या शेवटी याप नावाचे प्रथिन असते. याप केंद्रकात शिरले की वाढीची जनुके चालू करते. पेशी एकट्या-दुकट्या असतील तर याप केंद्रकात असते. पेशींची दाटी झाली की मर्लिन आणि हिप्पो साखळी मिळून यापवर फॉस्फेटचा शिक्का मारतात आणि त्याला केंद्रकाबाहेर ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे अक्षरशः पाहता येते: विरळ पेशींत केंद्रक चमकते, दाट पेशींत बाहेरचा भाग.

या एका प्रथिनाची ताकद किती, हे २००७ मध्ये उंदरांवर दिसले. त्यांच्या यकृतात याप सतत चालू ठेवल्यावर काही आठवड्यांत यकृत अनेक पटींनी फुगले. वेळीच बंद केल्यावर ते पुन्हा मूळ आकारावर आले. तसेच चालू राहू दिले, तर गाठी झाल्या. यकृताने केवढे व्हायचे, हा हिशेब कोणत्याही एका ग्रंथीच्या हाती नाही. कोट्यवधी पेशी आपापल्या शेजारणींचा अंदाज घेत तो मांडतात.

पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणाऱ्या नेकेड मोल रॅट या बिनकेसांच्या उंदराचे उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. इतर उंदीर दोन-तीन वर्षांत मरतात, हा तीस वर्षे जगतो आणि त्याला कर्करोग क्वचितच होतो. त्याच्या पेशी बशीत बऱ्याच लवकर, अजून भरपूर जागा शिल्लक असतानाच थांबतात, आणि या थांबण्यामागच्या साखळीत मर्लिनचेच जनुक असल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले. त्याचा अर्क काढून विकायला अजून कोणी बसलेले नाही, एवढेच आपले नशीब.

मर्लिनचे जनुक प्रत्येक पेशीत दोन असतात, एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. एक बिघडले तरी दुसरे काम निभावते. दोन्ही गेली की ब्रेक संपला. अमेरिकेच्या आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून हा दोन घावांचा सिद्धांत मांडला होता, त्या वेळी असे एकही जनुक हाती आलेले नव्हते. एनएफ-टूच्या रुग्णात पहिला घाव जन्मतः प्रत्येक पेशीवर पडलेला असतो. दुसरा घाव एखाद्या श्वान पेशीवर कधी ना कधी पडतोच. म्हणून गाठी एकापेक्षा जास्त, दोन्ही बाजूंना आणि कमी वयात. इतर माणसांत दोन्ही घाव एकाच पेशीवर योगायोगाने पडावे लागतात, म्हणून त्यांच्यात अशी गाठ एकाच बाजूला आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीत दिसते.

आजार सुरू होण्याचे सरासरी वय अठरा ते चोवीस. तिशीपर्यंत जवळपास सगळ्यांना दोन्ही बाजूंना गाठी झालेल्या असतात. ही मुले आपल्या दवाखान्यांत येत नाहीत असे नाही. येतात, पण त्यांची वाट ठरलेली असते. कॉलेजातली मुलगी फोन नकळत डाव्या कानावरून उजव्या कानावर घेते. डाव्या कानाने आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. घरात कोणी तरी कोमट तेल घालते. नंतर औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. डॉक्टर मळ काढून देतात. कानात शिट्टी वाजल्यासारखे होते, अंधारात चालताना तोल जातो. त्यावर चक्करेच्या गोळ्या मिळतात. दुसरा कान चांगला असल्याने संसार, अभ्यास, नोकरी अडत नाही. दोन-तीन वर्षांनी दुसराही कान जाऊ लागतो, किंवा तोंड एका बाजूला ओढल्यासारखे होते, तेव्हा कुठे एमआरआय होतो आणि दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी दिसतात. त्या वेळी शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी करावी लागते, ऐकू येणे वाचवण्याची वेळ गेलेली असते.

हा उशीर टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी जनुकांचे यंत्र लागत नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला की मळामुळे किंवा पडद्याच्या दोषाने बंद झालेल्या कानात आवाज अधिक ऐकू येतो. नसेच्या दोषात आवाज चांगल्या कानाकडे जातो. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिकवलेले असते. नंतर तो काटा ओपीडीच्या टेबलावर फारसा दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. तरुण माणसाला एका कानाने कमी ऐकू येते आणि काट्याची परीक्षा नसेकडे बोट दाखवते, तर त्याची ऑडिओमेट्री झाली पाहिजे. तिथेही फरक दिसला तर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय झाला पाहिजे. अशा तपासण्यांत बहुतेकांना गाठ निघणार नाही, मग खर्च कशाला, असा युक्तिवाद केला जातो. कंबर दुखते म्हणून सर्रास लिहिले जाणारे एमआरआय पाहिले की या काटकसरीचे आश्चर्य वाटते.

मुलांत हा आजार कानाच्या आधी डोळ्यात दिसू शकतो. लहान वयातला विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू, कारण न सापडणारा चेहऱ्याचा लकवा, त्वचेवरची एखादी जाडसर, खरखरीत चकती, ही त्याची पूर्वचिन्हे असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जातात. बहिरेपणा आणि जन्मजात मोतीबिंदू त्यांच्या यादीत आहेत. पण दोन्ही कानांनी मिळून ऐकू येते का, एवढेच पाहिले तर एका कानाचे बहिरेपण सुटून जाते. एक कान बंद करून दुसरा तपासायला फार तर एक मिनिट जादा लागेल.

‘आमच्या घरात कोणाला नाही’, हे वाक्य या आजारात अनेक डॉक्टरांचीही दिशाभूल करते. निम्म्या रुग्णांत बिघाड नव्याने झालेला असतो, आई-वडील निरोगी असतात. त्यातल्या बऱ्याच जणांत तो गर्भाच्या वाढीत थोडा उशिरा घडलेला असतो, म्हणजे शरीराच्या काही पेशींत आहे, काहींत नाही. अशा माणसाच्या रक्ताच्या जनुक तपासणीचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. तेव्हा गाठीतूनच तपासणी करावी लागते. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा मेणातला ठोकळा, ज्याला पॅथॉलॉजीत ब्लॉक म्हणतात, तो कुठे आहे हे रुग्णाने विचारून ठेवावे आणि रुग्णालयाने जपून ठेवावा. आजार आई किंवा वडिलांत पूर्णपणे असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. हे लग्नाआधी, मूल होण्याआधी कोणी तरी शांतपणे बसून सांगायला हवे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये ‘उम्मीद’ या नावाने आनुवंशिक आजारांसाठी काही सरकारी रुग्णालयांत निदान केंद्रे सुरू केली. पाऊल योग्य आहे, पण प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात जनुकीय सल्ला देणारी एक प्रशिक्षित व्यक्ती असावी, ही मागणी त्याने पुरी होत नाही. आज हे काम ओपीडीच्या दारात, रांगेतल्या पुढच्या रुग्णाने केसपेपर पुढे केलेला असताना, दोन वाक्यांत उरकले जाते.

या गाठींना आपल्याकडे ‘साधी गाठ’ म्हणायची पद्धत आहे. कर्करोगाची नाही, या अर्थाने ते खरे. पण मेंदूच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी वाढणारी गाठ साधी कशी? कर्करोग या शब्दाची भीती एवढी मोठी झाली आहे की ‘कर्करोग नाही’ म्हटल्यावर घरचे लोक निःश्वास टाकतात आणि पुढच्या तारखेला येत नाहीत.

उपचारांबाबत खोटी आशा दाखवू नये आणि हातही झटकू नयेत. बेव्हासिझुमॅब हे औषध दिल्यावर काही रुग्णांच्या गाठी लहान झाल्या, काहींचे ऐकणे सुधारले, हे २००९ पासून माहीत आहे. ते शिरेतून वारंवार द्यावे लागते आणि थांबवले की गाठी पुन्हा वाढू शकतात. फुप्फुसाच्या कर्करोगावरचे ब्रिगॅटिनिब हे तोंडाने घ्यायचे औषध काही जणांत उपयोगी पडल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. यापचे काम रोखणारी औषधे चाचण्यांत आहेत. माशीच्या थोराड डोक्यापासून निघालेली वाट औषधापर्यंत येऊ लागली आहे. दोन्ही नसा गेलेल्यांसाठी थेट मेंदूच्या बुंध्यावर बसवायचे श्रवणयंत्रही आहे. विल्यम हाउस यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९७९ साली पहिले असे यंत्र बसवले ते याच आजाराच्या रुग्णाला. पण या सगळ्याहून मोलाचा असतो तो वेळ. गाठ लहान असताना कळली तर निदान एक कान काही वर्षे टिकवता येतो. आणि ऐकू येणे जाणारच असेल, तर ऐकू येते आहे तोवर ओठ वाचायला शिकता येते, घरातल्या सगळ्यांना खुणांची भाषा शिकता येते.

शेजारणीचा हात सुटण्याचे दुसरे टोक जठरात दिसते. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या माणसे तरुणपणी जठराच्या कर्करोगाने जात होती. कुटुंबाने स्वतः पुढाकार घेतला, वंशावळ जुळवून संशोधकांबरोबर काम केले, आणि १९९८ मध्ये कारण सापडले: ई-कॅडहेरिनचे जनुक. म्हणजे इथे निरोप्या शाबूत होता, हात धरणारे प्रथिनच बिघडले होते. या जनुकाचा बिघाड असलेल्यांना जठर आधीच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, कारण सुट्या सुट्या पसरणाऱ्या त्या पेशी दुर्बिणीच्या तपासणीत हुलकावणी देतात. अशा घरांतल्या स्त्रियांना स्तनाच्या लोब्युलर कर्करोगाचाही धोका अधिक असतो. त्या कर्करोगाची काचपट्टी पाहिली की पेशी गठ्ठ्याने न राहता मुंग्यांसारख्या एकामागे एक ओळीने गेलेल्या दिसतात. ई-कॅडहेरिन हरवल्याची ती खूण. हात सुटल्याची ही गाठ हातालाही नीट लागत नाही, मॅमोग्राफीतही चुकते. स्तनात गोटी नाही पण एखादा भाग दाट, घट्ट झाल्यासारखा वाटतो, असे बाई सांगत असेल तर तिचे म्हणणे झटकून टाकू नये.

वर आलेले बिघाड जन्मजात होते. मर्लिन जन्मानंतरही, बाहेरच्या कारणाने हरवते. आणि ते कारण आपण छपरावर घालतो.

फुप्फुसाच्या बाहेरच्या अस्तराचा मेसोथेलिओमा हा कर्करोग प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होतो. श्वासातून आत गेलेले तंतू अस्तरापर्यंत पोहोचतात आणि तिथेच राहतात. शरीर ते विरघळवू शकत नाही. वर्षानुवर्षे दाह चालू राहतो, पेशींच्या गुणसूत्रांची मोडतोड होते. त्यात पुन्हा पुन्हा हरवणाऱ्या जनुकांपैकी एक मर्लिनचे आहे. साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या मेसोथेलिओमात ते बिघडलेले असते, हे १९९५ पासून समोर येत गेले. धूळ अंगावर घेतल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहून जास्त जातात. निदानानंतर बहुतेकांच्या हाती वर्ष-दीड वर्ष असते.

साठहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. युरोपीय संघात ती २००५ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्या ॲस्बेस्टॉससह त्याचे सगळे प्रकार माणसात कर्करोग करणारे मानते. भारतात त्याच्या खाणकामाला परवाने देणे कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाले, पण रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून पांढरे ॲस्बेस्टॉस येतच राहिले आणि जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांत आपली गणना होते. त्याचा मोठा भाग जातो सिमेंटच्या पत्र्यांत. हे पत्रे स्वस्त आहेत, गंजत नाहीत, पावसाचा आवाज कमी येतो, हे सगळे खरे. अखंड पत्र्यातून फारसे तंतू उडत नाहीत, हा उत्पादकांचा मुद्दाही अगदीच खोटा नाही. पण पत्रा कधी अखंड राहतो? बसवताना कापतात, खिळ्यासाठी भोके पाडतात, वादळात फुटतो, जुना झाला की हातोड्याने तोडून रस्त्याकडेला टाकतात. तोडणाऱ्याच्या तोंडावर फार तर रुमाल असतो. स्टील, प्लास्टिकच्या धाग्यांचे सिमेंट असे पर्याय बाजारात आहेत. गरिबाच्या घरावर ते थोडे महाग पडत असतील तर तो फरक सरकारने घरकुल योजनेतून भरावा. निदान सरकारी पैशातून बांधल्या जाणाऱ्या शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य केंद्रांवर तरी नवा ॲस्बेस्टॉसचा पत्रा चढू नये.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. न्यायालयाने आजाराचा लांबलेला काळ ओळखला होता. पण ती नोंद कारखान्यातल्या माणसाची. नाक्यावरून रोजंदारीवर येऊन दुपारभर करवतीने पत्रे कापणारा किंवा पाडकामात ते फोडणारा माणूस कोणत्याच वहीत नसतो. तीस वर्षांनी छातीत पाणी भरले म्हणून तो सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा क्षयाच्या औषधांनी सुरुवात होते आणि पूर्वी कोणते काम केले हे केसपेपरवर कोणी लिहीत नाही. छातीत पाणी असलेल्या प्रत्येक रुग्णाला तो प्रश्न विचारायला आजही काही अडचण नाही.